तळ्याकाठच्या पिंपाला स्वच्छतेची भीती

मला घडवून डेल्मर टेशच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी सांगतो. तळ्याचं पाणी निवळलं असतं तर त्याची बायको व्हर्ना पुन्हा हसली असती. त्याचा साडू रोलंड पेट्स्का याचं तोंड बंद झालं असतं. शिवाय जेवणानंतर भांडी पुसायची वेळ झाली की परसात सटकायला एक कायमचं निमित्त मिळालं असतं. माणसं याहून कमी फायद्यासाठी घरंच्या घरं बांधतात. मी तर साधं पिंप.

हो मित्रांनो, मी पिंप आहे. निळं, कमरेएवढं, उन्हाने पांढुरकं पडलेलं. विस्कॉन्सिनमधल्या एका छोट्या गावात, टेश मंडळींच्या परसातल्या तळ्याकाठी मी उभा असतो आणि माशांचं पाणी गाळतो. डेल्मरचा उल्लेख मी एकेरीच करतो. त्या गावात पाद्री सोडून सगळ्यांना सगळे एकेरीच हाक मारतात.

दुसरी गोष्टही आत्ताच सांगून टाकतो. मी भित्रा आहे. पिंपाने भ्यावं असं जगात काय आहे, असं तुम्ही म्हणाल. माझी हकिकत ऐका, मग म्हणा.

माझं बालपण काकडीच्या लोणच्यात गेलं. कारखान्यात मला गळ्यापर्यंत भरलं, झाकण घट्ट लावलं आणि अंधारात ठेवून दिलं. शिरका आणि शेपूसारख्या पाल्याचा तो वास अजूनही पावसाळी हवेत माझ्या अंगातून येतो. पुढे काकड्या संपल्या आणि मी एका हॉटेलाच्या मागच्या अंगणात रिकामा पडलो. तिथून डेल्मरने मला उचललं. तो शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. निवृत्त झाल्यापासून त्याच्या हातांना काम नव्हतं, आणि दिसेल त्या वस्तूला भोक पाडल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हतं.

पहिलं भोक त्याने माझ्या तळाशी पाडलं. ड्रिल गुरगुरत पोटात शिरलं तेव्हा वाटलं, संपलो. मग दुसरं भोक वर, गळ्याजवळ. खालच्या भोकातून पंपाने पाणी आत ढकलायचं, ते गाळत गाळत वर चढायचं आणि वरच्या नळीतून धार होऊन तळ्यात पडायचं, अशी त्याची योजना होती. तळाशी त्याने भोकाभोकांचे काळे दगड रचले. त्यावर भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या भरल्या, कांद्याच्या जाळीदार पिशव्यांत घालून. त्यावर दुधाच्या कॅनची झाकणं. ही झाकणं चर्चमधल्या बायकांनी जमवली होती. कशासाठी हवीत ते एकीलाही ठाऊक नव्हतं, पण गावात कोणी जमवायला सांगितलं की बायका आधी जमवतात आणि मग विचारतात. सगळ्यांत वर गोधडीत भरायच्या कापसाचा एक थर. तो व्हर्नाने आपल्या शिवणाच्या पेटीतून काढून दिला, आणि देताना म्हणाली, "डेल्मर, हे नाही चाललं तर तुलाच आत भरीन."

हे सगळं कशासाठी, तर सात माशांसाठी.

ते मासे लव्हॉनचे. लव्हॉन म्हणजे व्हर्नाची थोरली बहीण, रोलंडची बायको. तिच्या परसात सुंदर तळं होतं आणि त्यात हे सात रंगीत कोई मासे, हाताएवढे लांब. त्यांतला एक पांढरा, गळ्याशी काळा पट्टा असलेला. त्याला ती 'पाद्री' म्हणायची. लव्हॉन गेली आणि रोलंडला त्या तळ्याकडे बघवेना. त्याने खडी मागवून ते बुजवून टाकलं. मासे व्हर्नाने घमेल्यांतून आपल्या घरी आणले आणि डेल्मरने घाईघाईने खणलेल्या नव्या तळ्यात सोडले. बहिणीचं म्हणून व्हर्नाजवळ एवढंच उरलं होतं. पण नव्या तळ्याचं पाणी वाटाण्याच्या आमटीसारखं हिरवं झालं. रोज संध्याकाळी ती काठाशी बसायची आणि तिला एकही मासा दिसायचा नाही. आत आहेत की गेले, तेही कळायचं नाही.

म्हणून मी.

मला जोडलं त्या दिवशी रोलंड कुंपणापलीकडे उभा होता. तो कुंपणापलीकडेच उभा राहायचा, तळ्याजवळ कधी यायचा नाही. जन्मभर तो चीजच्या कारखान्यात स्वच्छतेचा प्रमुख होता. रोज रात्री सगळ्या टाक्या आणि नळ्या त्याच्या देखरेखीखाली उकळत्या पाण्याने आणि औषधाने धुतल्या जायच्या. बोटाला जरा चिकट लागलं की पुन्हा धू. त्याच्या घराच्या पायऱ्या इतक्या लख्ख, की ताटाशिवाय त्यांवरच जेवता आलं असतं.

"डेल्मर, लोणच्याचं पिंप लावलंस?" तो ओरडला. "मग काय, मासे मुरायला घातलेस का?"

"तुला येत्या शुक्रवारी वाढतो एक," डेल्मर म्हणाला.

त्या गावात शुक्रवारी संध्याकाळी सगळे जण तळलेले मासे खायला जातात आणि शनिवारी सकाळी आपल्या तळ्यातल्या माशांना लाडाने खाऊ घालतात. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मलाही सवय झाली.

पहिले काही आठवडे माझे भयंकर गेले. पाणी माझ्या पोटातून हिरवं यायचं आणि हिरवंच जायचं. रोलंड रोज कुंपणावरून विचारायचा, "काय रे, निवळलं का?" डेल्मर झाकण लावायचा. मला वाटायचं, आज मला उपटणार, उद्या कचऱ्याच्या गाडीत घालणार. लोणच्याच्या पिंपाला दुसरी संधी मिळते, तिसरी कोण देतो?

मग माझ्याकडे भाडेकरू राहायला आले. ते डोळ्यांना दिसत नाहीत. ते कधी आले, कुठून आले, मलाही कळलं नाही. घासण्यांच्या वेटोळ्यांत, झाकणांच्या खाचांत आणि दगडांच्या भोकांत त्यांनी बिऱ्हाडं थाटली आणि सगळीकडे एक तपकिरी, बुळबुळीत साय धरली. दिसायला ती घाणच. पण माशांच्या मैल्यातून पाण्यात जे विष उतरतं, ते हे भाडेकरू खातात. मी नुसतं घर, मित्रांनो. खरं काम त्यांचं. मी त्यांना छप्पर द्यायचं आणि वाहतं पाणी द्यायचं, एवढाच आमचा करार.

आणि एके दिवशी व्हर्ना काठाशी आली आणि किंचाळली, "डेल्मर! पाद्री दिसतोय! पाद्री!" तळाचे खडेसुद्धा दिसत होते. डेल्मर घरातून धावत आला. हातात पुसायचं फडकं आणि ओली बशी तशीच. त्याने माझ्या झाकणावर थाप मारली. माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती सर्वांत मोठी शाबासकी.

पण माझी भीती काही गेली नाही, उलट वाढली. आता गमावण्यासारखं माझ्याकडे काही होतं. पंप जरा खोकला की माझा जीव जायचा. पाणी थांबलं की भाडेकरू गुदमरणार आणि भाडेकरू मेले की मासे. एका उन्हाळ्यात वादळाने विजेचे खांब पाडले. पंप गप्प झाला. त्या शांततेइतकं भयानक मी काही ऐकलेलं नाही. डेल्मर आणि व्हर्ना आळीपाळीने बादलीने माझ्यात पाणी ओतत बसले. डेल्मर म्हणाला, "आपल्या मुलीला बाटलीने दूध पाजायला मी एकदाही उठलो नव्हतो." व्हर्ना म्हणाली, "ते मला तू सांगायची गरज नाही." वीज आली तेव्हा दोघंही जागी होती. मीही.

डेल्मरचा एक नियम होता. मला धुवायचं झालंच तर तळ्याच्याच पाण्यात, बादलीत, एका वेळी एकच पिशवी, आणि तीही नुसती खळबळून. नळाचं पाणी मला वर्ज्य. गावच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं आणि माझे भाडेकरू म्हणजे जंतूच. हा नियम त्याला ठाऊक होता, व्हर्नाला ठाऊक होता. तिसऱ्या कोणाला सांगायची वेळ आली नव्हती.

ती वेळ आली आणि सांगायचं राहून गेलं.

भर उन्हाळ्यात नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी ती दोघं मुलीकडे डुलूथला निघाली. माशांना खायला कोण घालणार? व्हर्ना कुंपणापाशी गेली.

"रोलंड, तू येशील का? दिवसातून एकदा, मूठभर."

रोलंडने आपल्या बुटांकडे पाहिलं. "मूठभर म्हणजे माझी मूठ की तुझी?"

"तुझी. लव्हॉनसुद्धा तुझ्याच मुठीने मोजायची."

"येतो," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी तो काठाशी आला तेव्हा त्याने हात लांबूनच पुढे केला, जणू मासे चावतील. पाद्री वर आला आणि त्याच्या बोटांना तोंड लावून गेला. रोलंड मटकन खाली बसला. "काय गं," तो हळूच म्हणाला, तिथे नसलेल्या कोणाला तरी, "तुझा पाद्री सुटलाय बघ किती." मग नाक पुसलं आणि उठून माझं झाकण उघडलं.

आतली साय त्याने पाहिली. त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

"अरे देवा," तो म्हणाला. "यातून पाणी पितात हे?"

त्याच्यावर रागवू नका. चीजच्या टाकीत असं काही दिसलं असतं तर त्याने कारखाना बंद केला असता आणि लोकांनी त्याचे आभार मानले असते. आपल्या बायकोचे मासे चिखलाच्या पिंपातलं पाणी पीत आहेत, आणि आपण इतके दिवस कुंपणावरून नुसते टोमणे मारत होतो, असं त्याला वाटलं. तिच्यासाठी काहीतरी करायची संधी त्याच्या हाताशी आली होती. तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मला एक आवाज आला. घरघर, आणि तिच्यावर चढलेली एक कर्कश शिट्टी. जोराचा फवारा मारायचं ते यंत्र. आधी आवाज टेश मंडळींच्या गाडी लावायच्या फरशीवर होता. मग आवाज पायऱ्यांवर आला. मग परसातल्या खुर्च्यांवर. मग पक्ष्यांना पाणी प्यायच्या दगडी परळावर. ते यंत्र हातात असलं की माणसाला थांबता येत नाही, पुढची मळकी वस्तू दिसतेच. झाकणाखालच्या अंधारात मी ऐकत होतो. कुंपणाची फळी. तळ्याकाठचा बाक. आता माझ्या पलीकडे मळकं काही उरलं नव्हतं.

पंप बंद झाला.

मी ओरडलो असतो, पण पिंपाला तोंड असून आवाज नसतो. त्याने माझ्यातल्या पिशव्या एकेक करून हिरवळीवर मांडल्या आणि फवारा मारला. तपकिरी ओघळ गवतात गेले. साय निघाली, बिऱ्हाडं निघाली. मग त्याने बाटलीतून ब्लीच ओतलं, घासलं, आणि वास जाईपर्यंत पुन्हा पुन्हा नळाने धुतलं. फार नीट धुतलं. माशांना औषधाचा थेंबही लागू नये म्हणून त्याने मला तीन-तीनदा विसळलं. माझ्या आत घासण्या दुकानातल्यासारख्या चमकत होत्या आणि कोणीही जिवंत नव्हतं.

"आता कसं," रोलंड म्हणाला. पंप सुरू झाला. धार काचेसारखी पडायला लागली. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं, किती छान.

पुढचे दिवस मी पाणी घेत होतो आणि तसंच सोडत होतो, विषासकट. रोलंड खुश होता. एका मुठीऐवजी दोन मुठी घालत होता. मासे वर येत होते, त्याला वाटे प्रेमाने येतात. ते माझ्या धारेच्या तोंडाशी जमून हवा ओढत होते.

टेश मंडळींची गाडी आली. व्हर्ना पिशव्यासुद्धा न उतरवता थेट तळ्याकडे आली, आणि थबकली.

"डेल्मर. हे असे का आ वासतायत?"

डेल्मरने पाण्याचा नमुना बाटलीत घेतला आणि तपासायच्या औषधाचे थेंब टाकले. विष नसतं तर ते पिवळं राहिलं असतं. ते हिरवं झालं, मग गडद हिरवं. त्याने माझं झाकण उघडलं आणि एक चकचकीत घासणी उचलून उजेडात धरली.

रोलंड कुंपणाचं दार उघडून येत होता, हसत. "पाहिलंस? तुला जमलं नसतं ते मी करून ठेवलं. आणि पायऱ्या पण."

"रोलंड," डेल्मर म्हणाला, "काय केलंस तू हे?"

"धुतलं. आत काय माजलं होतं ठाऊक आहे का तुला? माझ्या कारखान्यात असं पिंप सापडलं असतं तर..."

"तेच पाणी शुद्ध करत होतं! तेच! तू फिल्टर मारलास, रोलंड. पिंप तेवढं ठेवलंस!"

रोलंडचं हसू जागच्या जागी राहिलं, काढून ठेवायला विसरलेल्या टोपीसारखं. त्याने तळ्याकडे पाहिलं. पाद्री एका कुशीवर कलला होता, सावरला, पुन्हा कलला.

"मी तिच्यासाठी केलं," तो म्हणाला.

व्हर्ना त्याच्यावर ओरडेल असं मला वाटलं. तीही ओरडायच्याच बेतात होती. पण तिने नुसतं विचारलं, "डेल्मर, आता काय करायचं ते सांग. रडायचं मग बघू."

"अर्धं पाणी बदलायचं. नळाच्या पाण्यातलं औषध आधी मारून मगच ते आत सोडायचं. खाणं बंद. आणि कुठून तरी चालत्या फिल्टरची घाण हवी. जिवंत घाण. आपल्या आपण तयार व्हायला आठवडे लागतील, तेवढे दिवस यांच्याकडे नाहीत."

"घाण मी आणतो," रोलंड म्हणाला आणि निघाला.

तो तलावाकाठी ट्रूडीकडे गेला. गळाला लावायची बारीक जिवंत मासळी विकणारी ही बाई. तिच्या टाक्यांमधले स्पंज किती वर्षांचे आहेत ते तिलाच माहीत नाही. परत आल्यावर, माझ्या आत हात घालता घालता, त्याने व्हर्नाला सगळं सांगितलं.

"मी म्हटलं, ट्रूडी, तुझ्याकडचा सगळ्यांत घाणेरडा स्पंज दे. ती म्हणाली, रोलंड पेट्स्का, इथे तपासणीला आलायस की चेष्टेला? म्हटलं, भीक मागायला आलोय. तिने बादलीच भरून दिली. वर म्हणाली, आता हे साऱ्या गावाला सांगणार हं मी."

"सांगू दे," व्हर्ना म्हणाली.

"सांगू दे," तो म्हणाला.

ती बादली त्याने गाडीत शेजारच्या सीटवर ठेवून आणली होती आणि वळणावळणावर तिच्यातलं काळं पाणी सांडलं होतं. ज्या गाडीत तो कोणाला चिखलाचे बूट घालून बसू देत नसे, ती गाडी. आता तो कोपरापर्यंत माझ्यात वाकला होता. स्पंज पिळून पिळून ती घाण माझ्या चकचकीत घासण्यांवर उतरवत होता आणि पुटपुटत होता, "राहा. राहा बाबांनो. इथे राहा."

माझी पुन्हा घाबरगुंडी उडाली. भाडेकरू नवखे, घर नुसतं धुतलेलं. ब्लीचचा एखादा थेंब कुठे दडून राहिला असेल तर? ते टिकतील का? टिकले तरी वेळेत कामाला लागतील का? डेल्मर सकाळ-संध्याकाळ बाटली उजेडाकडे धरायचा. गडद हिरवं. हिरवं. हिरवं. बादल्या चालूच होत्या. त्या शुक्रवारी तिघांपैकी कोणी मासे खायला गेलं नाही. व्हर्नाने पाव आणि अंडी केली, ती तळ्याकाठच्या बाकावर बसून खाल्ली, आणि कोणी कोणाला टोमणा मारला नाही. तेच मला सर्वांत भीतिदायक वाटलं.

पाद्री पहिला गेला. मग दोन केशरी मासे, एकामागून एक. रोलंडने ते आपल्या हाताने उचलले, जाळी मागितली नाही. टोमॅटोच्या वाफ्यात त्यानेच खड्डा खणला. व्हर्ना त्याच्या शेजारी उभी राहिली आणि तिने त्याच्या चिखलाळ बाहीला धरलं.

"तिला काय सांगू, व्हर्ना?"

"सांग, चार आहेत म्हणून."

मग एका सकाळी डेल्मरने बाटली धरली आणि व्हर्नाला हाक मारली. हिरव्यात पिवळी झाक होती. माझ्या आत, हाताला न जाणवणारा, पहिला बुळबुळीतपणा धरला होता.

तेव्हापासून मला खळबळायला रोलंडच येतो. तळ्याच्या पाण्याची बादली, एका वेळी एकच पिशवी. त्याचे हात इतके हळू चालतात की डेल्मर चिडवतो, "अरे पिंप आहे ते, बाळ नाही." हिवाळ्यात तळं गोठतं, तेव्हा तोच मला गॅरेजात नेऊन ठेवतो. माझी कड आता तडकली आहे आणि अजूनही, पाहुण्यांपैकी कोणी 'ई, किती घाण' म्हणून माझ्यावर वाकलं की माझ्यातलं पाणी थरथरतं.

मित्रांनो, तुम्हाला शाळेत स्वच्छतेचे धडे असतील. ते खोटे नाहीत, ते जरूर पाळा. माझी विनंती एवढीच आहे, की दुसऱ्याचं घर धुवायच्या आधी तिथे कोण राहतं ते विचारा. मोठ्या मायेने हात घालणार असाल, तर दोनदा विचारा.

आता हिशोब. हौस डेल्मरची होती आणि त्याला ती मिळाली. सांगायचं विसरली ती व्हर्ना, आणि तिचे चार मासे तिच्याकडे राहिले. चूक रोलंडची, आणि त्याला तळ्याकाठी यायला वाट मिळाली. किंमत मोजली पाद्रीने आणि त्या दोन केशरी माशांनी, ज्यांनी कोणाकडे काहीच मागितलं नव्हतं. आणि माझ्या पहिल्या भाडेकरूंनी. ते किती होते कोणी मोजलं नाही. गवतात ओघळून गेले, आणि त्यांच्यासाठी वाफ्यात खड्डा कोणी खणला नाही.